काउंटरवर कोणी नाही का?

रुक्मी लालसू पुंगाटी हिच्यावर अन्याय झाला तो यंदाच्या पौषातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी एक वाजता. ठिकाण, ताडोब्याच्या एका गेटाजवळचं रिसॉर्ट. रुक्मी स्वागताच्या काउंटरमागे उभी होती. अंगात रिसॉर्टचा निळा कोट, कोटावर नावाची पट्टी. मुंबईहून आलेल्या एक बाई चाकांची बॅग ओढत आत आल्या, काउंटरवरची घंटी वाजवली आणि रुक्मीच्या डोक्यावरून मागच्या दाराकडे बघत म्हणाल्या, "हॅलो? काउंटरवर कोणी नाही का?"

"गुड आफ्टरनून मॅडम. मी आहे ना," रुक्मी म्हणाली.

"हां, तू आहेस. पण स्टाफपैकी कोणी?"

संध्याकाळी मॅनेजर अमोलसरांनी तिला ऑफिसात बोलावलं. चहा दिला. म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, गेस्ट कन्फ्यूज होतात एवढंच. तुझा चेहरा ऑथेंटिक आहे. तू आपल्या ट्रायबल इव्हिनिंगच्या नाचात जास्त शोभशील. आठवडाभर सुटी घे, पुढच्या शनिवारी ये, तेव्हा सांग. नाचात, नाहीतर मग बघू.

'मग बघू'चा अर्थ नोकरी करणाऱ्याला शब्दकोशात बघावा लागत नाही.

रुक्मी भामरागडकडची माडिया. चंद्रपूरला हॉटेलच्या कामाचा डिप्लोमा केला, तेव्हा आम्ही एका बाकावर होतो. तिने डिप्लोमा पूर्ण केला, मी अर्ध्यात सोडून आंदोलनात गेले. मी प्रज्ञा रामटेके, ऊर्जानगरची. बाबा विजेच्या केंद्रात कामाला. आमच्या युवक संघटनेची पत्रकं मीच लिहिते, त्यामुळे बातमी कळताच तासाभरात माझं पत्रक तयार होतं. मथळा 'जाहीर निषेध', पुढे तीन उद्गारचिन्हं. रिसॉर्टचं नाव त्यात मोठ्या टायपात होतं. ते इथे नाही, कारण आमच्या वकील मैत्रिणीने माझा हात धरून ठेवलाय.

रुक्मीला फोनवर पत्रक वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उद्गारचिन्ह कमी कर. आन् पत्रक राहू दे. घरी पंडुम आहे, मी गावाले जाऊन राह्यली. येतं काय?"

"आन् नोकरीचं?"

"ते तिथी जाऊन ठरवतो. इथी डोकं चालून नाई राह्यलं."

पंडुम म्हणजे नव्या पिकाचा सण. मी बॅग भरली. निघताना आईने ओढणी हातात कोंबली. "तोंड झाकून घे गाडीत. ऊन लय आहे. आधीच तू..." पुढचं वाक्य तिने गिळलं. आमच्या घरात समतेची सगळी पुस्तकं आहेत आणि बाथरूमच्या फळीवर बेसन-हळदीचा डबा.

चंद्रपूर ते आलापल्ली

एसटीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. खिडकीची काच थरथरते आणि आष्टी गेल्यावर साग सुरू होतो, एवढं पुरे. पण आमच्या भोवतीची माणसं सांगायलाच हवीत.

समोरच्या सीटवर आलापल्लीत नोकरी करणाऱ्या एक शिक्षिका होत्या, मूळच्या नागपूरच्या. त्यांनी रुक्मीशी दोन वाक्यं बोलून हात गालावर ठेवला. "अगं बाई! मराठी किती छान बोलते तू!"

"तुम्ही पण छान बोलता मॅडम," रुक्मी म्हणाली.

"अगं, माझी तर मातृभाषाच आहे."

"तरी पण."

मॅडमना ते नीटसं पचलं नाही, म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुझं आडनाव?"

"रामटेके."

"अच्छा."

हा 'अच्छा' तुम्ही ऐकला नसेल तर तुमचं आडनाव वेगळं आहे. तो वरून खाली येतो, हळूहळू, आणि मग समोरचा माणूस खिडकीबाहेर बघतो. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. मग आमची समजूत काढावी तसं म्हणाल्या, "आमच्याकडे जातबित, रंगबिंग काही मानत नाही हं. माझी सूनच बघ. सावळी आहे, पण खूप हुशार आहे."

"आन् तुमचा मुलगा?" रुक्मीने विचारलं.

"तो गोरा आहे."

"पण?"

मॅडम पर्स उघडून तिकीट शोधू लागल्या. मागच्या सीटवरून कोणीतरी खो खो हसलं. ते व्यंकटभाऊ, सिरोंच्याचे कापडवाले. घरी तेलुगू, दुकानात मराठी, रागात हिंदी, असं त्यांनीच सांगितलं.

"बाई, माहं ऐका," ते पुढे वाकून म्हणाले. "मी पोराकडं पुन्याले गेलतो. लिफ्टमधी एक जन विचारते, 'अण्णा, साउथ से हो?' म्या म्हनलं, नाई बापा, मी महाराष्ट्राचा, गडचिरोली जिल्हा. तो दोन पावलं मागं सरकला! म्हनते, 'नक्सल एरिया?' आता लिफ्टमधी मागं सरकून जाईन कुठी? म्हनजे रंगानं मद्रासी आन् पत्त्यानं नक्षली. मानूस काऊन नाई म्हनत बे?"

सगळी बस हसली. मीही. माझ्या पुढच्या पत्रकात व्यंकटभाऊंचा फोटो टाकायचा असं मी ठरवूनही टाकलं. तेवढ्यात ते म्हणाले, "आता माडिया लोकायचं येगळं आहे. सोजे, साधेभोळे लोक. पन अक्कल जराशी कमी."

मी उठलेच. माझ्या तोंडात 'निषेध'चा 'नि' आला होता. रुक्मीने माझ्या पायावर पाय दिला आणि गोड आवाजात विचारलं, "भाऊ, तुमच्या दुकानात माडिया गिऱ्हाईक येते काय?"

"येते ना. लय येते."

"भाव करते?"

"अजिबात नाई. सांगलं तेवढं देऊन जाते."

"म्हनून अक्कल कमी?"

"हाव..." म्हणाले आणि मग त्यांना सीटवर अचानक काहीतरी टोचू लागलं. "नाई, म्हनजे तसं नाई. म्हनजे, तू कुठची हाय पोरी?"

"माडियाच."

व्यंकटभाऊंनी पिशवीतून शेंगदाण्याची चिक्की काढली आणि आम्हाला दिली. मोठी वडी रुक्मीला. माफी म्हणून होती की तोंड बंद राहावं म्हणून, ते कळायला मार्ग नाही, पण चिक्की चांगली होती. शिक्षिकाबाईंनीही घेतली.

रुक्मीच्या गावात

भामरागडहून पुढे तिचा भाऊ पांडू मोटरसायकलवर न्यायला आला. आम्ही तिघं, मध्ये तांदळाचं पोतं. एका नाल्याच्या रेतीत चाक रुतलं. पोतं पांडूने वाचवलं. मला कोणी वाचवलं नाही. मी कमरेइतक्या थंड पाण्यात बसले आणि गावात पोचले ती ओल्या सलवारीने. माझ्या आगमनाचा एवढा आनंद आजवर कुठल्याच गावाला झाला नव्हता.

गाव म्हणजे मोकळी मोकळी घरं, शेणाने सारवलेली अंगणं, प्रत्येक कुंपणावर वालाचे वेल. मोह, तेंदू आणि बांबू घरांच्या इतके जवळ की जंगल कुठे संपतं ते विचारू नये. आम्ही शहरात दारासमोरच्या जागेवरून भांडतो. इथे दोन घरांच्या मधल्या जागेत आमच्या क्वार्टर्सची अख्खी ओळ मावली असती. जेवायला भात, वाळलेल्या मासळीचं कालवण आणि पानाच्या द्रोणात पातळ पेज. मला निघायच्या आधी ऊर्जानगरात किमान चार जणींनी विचारलं होतं, "तिथी मुंग्याची चटनी खातेत ना?" मी ते रुक्मीच्या आईला सांगितलं. ती म्हणाली, आता मुंग्यांचा हंगाम नाही, त्यांना उन्हाळ्यात पाठव. आणि जेवताना नाक मुरडणार असतील तर येतानाच मुरडून या म्हणावं.

हे सगळं रुक्मी भाषांतर करून सांगत होती. त्यातलं आईचं किती आणि तिच्या पदरचं किती, याची खात्री मी देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोळ केला. कुंपणावरच्या वेलाला कोवळ्या, हिरव्यागार शेंगा लगडल्या होत्या. मी एक तोडली, सोलली आणि दाणे तोंडात टाकले. गोड होते. दुसरी तोडली आणि मागे वळले. अंगणात पाण्याच्या घागरी घेऊन बायका उभ्या होत्या आणि माझ्या जबड्याकडे बघत होत्या.

पंडुम होता त्या दिवशी दुपारी, आणि तो याच शेंगांचा. आधी देवाला द्यायच्या, सगळ्या गावाने मिळून शिजवायच्या, मग खायच्या. तोवर त्या वेलाला कोणी हात लावत नाही. शेंगा समोर लोंबत असतात आणि लेकरंसुद्धा थांबतात. आणि मी, समतेच्या चळवळीची कार्यकर्ती, एका गावाच्या देवाच्या आधी जेवून मोकळी झाले होते.

गावचा पुजारी, पेरमा, बोलावला गेला. म्हातारा, बारीक, खांद्यावर टॉवेल. त्याने सगळं ऐकलं आणि दोन शब्दांत निकाल दिला. रुक्मीने सांगितलं, "म्हनते, पाहुनी आहे, तिले काय मालूम. देव रागावत नाई."

पण बायका कुठल्या सोडतात! त्यांची चर्चा सुरू झाली. रुक्मी भाषांतर करताना हसून हसून वाकत होती.

"ही म्हनते, शहरातले लोक असेच, त्यायले धीरच नाई."

"सगळे नसतात तसे," मी म्हणाले.

"ही म्हनते, मी पाहिलेले सगळे तसेच होते. किती पाहिले म्हनून विचारलं, तर दोन. एक तलाठी आन् एक तू."

मग प्रश्नांची फेरी. तुमच्याकडे पाणी विकत घेतात म्हणे? सख्खे भाऊ एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतात आणि बोलत नाहीत म्हणे? आणि लग्नात पैसे मुलीचा बाप देतो, हे खरं का? मी म्हटलं, कायद्याने बंदी आहे, पण देतात. आमच्या आजूबाजूच्या बायका थक्क झाल्या. माडियांत मुलाकडचे मुलीच्या बापाला देतात. पोरगीही द्यायची आणि वर पैसेही द्यायचे, हा दंड कुठल्या गुन्ह्याचा, असं एका म्हातारीने विचारलं.

रुक्मीने स्वतःहून भर घातली असावी, कारण तिच्या एका वाक्यानंतर एकदम गोंधळ उडाला. मी विचारलं, "काय सांगितलं तू?"

"सांगितलं का पोरगी काळी असली तर जास्त द्या लागते."

म्हातारी उठली, माझ्याजवळ आली, माझ्या हाताला आपला हात लावून बघितला. दोघींचा रंग सारखा. ती काहीतरी म्हणाली आणि अंगणातल्या सगळ्या बायका हसून जमिनीवर बसल्या.

"काय म्हनली?"

"म्हनते, हिचा बाप तर बुडालाच."

मला काय वाटलं ते लिहू? आधी राग आला. मग हसू आलं. बेसन-हळदीच्या डब्याकडे पंचवीस वर्षं बघत आले, पण त्यावर एवढं खळखळून कोणी हसलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेंगांची शिक्षा मात्र बाकी होती. बायकांनी ठरवलं, हिने आपल्या लोकांचा नाच दाखवावा. मी म्हटलं, आमचा असा नाच नसतो. "असं कसं? सगळ्यायचा असते," रुक्मी म्हणाली. तिचा चेहरा एकदम सरळ होता. "तुहा चेहरा ऑथेंटिक आहे. शोभशीन."

म्हणून मी नाचले. जयंतीच्या मिरवणुकीत ऊर्जानगरच्या चौकात नाचते तसं, दोन्ही हात वर, बोट आभाळात. ढोल त्यांचा, नाच माझा, दोघांचं एकमेकांशी जमेना. हिचे हातच हलतात, पाय काऊन हलत नाहीत, असं मत पडलं. पांडूने मोबाइलवर चित्रीकरण केलं, मला न विचारता. दुपारपर्यंत ते शेजारच्या गावांत पोचलं होतं.

तिथेही सगळं आलबेल होतं असं समजू नका. संध्याकाळी चुलीपाशी पांडू वरच्या डोंगरातल्या माडियांबद्दल म्हणाला, "ते लोक रानटी. त्यायले काई समजत नाई." मी उसळले, "इथी पण?"

"काऊन?" रुक्मी म्हणाली. "दुसऱ्याले रानटी म्हनाचा ठेका काय फक्त तुमच्याकडंच आहे?" मग ती भावाकडे वळली आणि माडियात त्याला असं काही झाडलं की तो लाकडं आणायला निघून गेला, लाकडं भरपूर असताना.

मी तिला विचारलं, "ठरलं काय तुहं?"

"नाच मले आवडते," ती म्हणाली. "लहानपनापासून नाचून राह्यली. पन माझ्या गावात. काउंटरवरून हाकललं म्हनून नाई नाचणार. काउंटर पाहिजे मले."

"मंग पत्रक काढू?"

"थांब. आमच्याकडं वेगळी पद्धत आहे."

पुन्हा रिसॉर्टात

पद्धत म्हणजे रेला. नाचताना बायका साखळी करतात, एक ओळ सुचवते, बाकीच्या उचलतात. गाणं पाठ नसतं, जागेवर रचायचं असतं. कोणाशी काही खटकलं असेल तर ते त्यात घालायचं. गावात भांडणं अशी गाण्यात निघतात, आणि ज्याच्यावर गाणं रचलं त्याने तिथेच उभं राहून ऐकायचं असतं. रिसॉर्टात नाचायला येणाऱ्या माडिया आणि गोंड बायका हेच करत आल्या होत्या, हे रुक्मीने मला परतीच्या बसमध्ये सांगितलं. सबंध हंगाम पाहुणे ज्यांना टाळ्या देत होते त्यांतली एक ओळ अशी होती: 'हा माणूस किती खातो, याची खुर्ची रडते.'

शनिवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा गेटवर एक पांढरी गाडी उभी होती. तिच्यातून एक काळेसावळे, धोतर नेसलेले वृद्ध गृहस्थ उतरले. अमोलसर लगबगीने पुढे आले आणि नम्रपणे म्हणाले, "काका, ड्रायव्हर लोकांचं जेवण मागच्या बाजूला." गृहस्थांनी मान हलवली आणि मागच्या बाजूला गेले. पाच मिनिटांनी गाडीतून त्यांचा मुलगा फोनवरचं बोलणं संपवून उतरला आणि दोन खोल्यांचं बुकिंग दाखवत विचारू लागला, "माझे वडील कुठे गेले?"

ते तोडसाम गुरुजी, आदिलाबादकडचे गोंड, निवृत्त शिक्षक. अमोलसर माफी मागायला धावले तर गुरुजी ड्रायव्हरांच्या पंगतीत मांडी घालून बसले होते. "राहू द्या साहेब," म्हणाले, "इथलं वरण बरं आहे."

संध्याकाळी हिरवळीवर ट्रायबल इव्हिनिंग सुरू झाली. पाहुणे खुर्च्यांवर, मोबाइल वर. नाचणाऱ्या बायकांना रिसॉर्टने पिसांचे मुकुट दिले होते. असले मुकुट भामरागडात कोणी घालत नाही. ते नागपूरच्या एका दुकानातून आलेत. रुक्मी आली ती निळ्या कोटात, नावाची पट्टी लावून.

अमोलसर कुजबुजले, "ड्रेस कुठाय?"

"सर, आमच्यात सनाले सगळ्यात चांगले कपडे घालते. माझ्याकडं हेच चांगले आहे."

तोवर ढोल सुरू झाला होता. तिने ओळ टाकली, साखळीने उचलली. पाहुणे तालात टाळ्या देऊ लागले. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण मागच्या रांगेत तोडसाम गुरुजी आधी सावरून बसले, मग हसू लागले, मग इतके हसले की ठसका लागला. त्यांची गोंडी वेगळी, निम्मंच कळत होतं. पण ते निम्मं पुरेसं दिसत होतं.

अमोलसरांना दुपारची चूक भरून काढायची होती. त्यांनी माइक गुरुजींच्या हातात दिला. "काका, गेस्टना अर्थ सांगा ना. कल्चर समजेल."

गुरुजी उभे राहिले. वर्गात कविता समजावावी तसं, सावकाश हिंदीत सांगितलं: "ये लड़की गाती है, मुंबई की बाई आई, घंटी बजाई, बोली यहाँ कोई नहीं। मैं खड़ी थी, हाथ भर दूर। साहब ने कहा, तुम दिखती नहीं, जाकर नाचो। अरे साहब, बाई तो शेर देखने आई थी। जिसे हाथ भर पर मैं नहीं दिखी, उसे झाड़ी में शेर क्या दिखेगा?"

ढोल थांबला. आणि मग चर्चा सुरू झाली, जशी होते तशी. एक काका म्हणाले, हल्ली लोक फार सेन्सिटिव्ह झालेत. त्यांची बायको म्हणाली, आपण तर कौतुकानेच बघतोय. एक तरुण म्हणाला, परदेशात आम्हालाही असं होतं, आणि मग स्वतःचाच अनुभव सांगत बसला. एकाने विचारलं, त्या बाईंना वाघ दिसला का शेवटी? "नाई दिसला," साखळीतली एक बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच पाहुणे आणि नाचणाऱ्या एकाच गोष्टीला हसले.

अमोलसर हसले नाहीत. "रुक्मी, उद्या सकाळी ऑफिसात भेट."

"भेटते सर. काउंटरवर असते मी."

रविवार

सकाळी ती खरंच काउंटरवर उभी होती. अमोलसर आले, बराच वेळ टेबलावरची घंटी इकडची तिकडे सरकवत राहिले. ते वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर माझं बरं झालं असतं, पत्रक सोपं जातं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. सकाळची ड्यूटी घे. पहाटेपासून दहापर्यंत."

त्या वेळात सगळे पाहुणे सफारीला गेलेले असतात. काउंटरसमोर चिटपाखरू नसतं.

"आणि दुपारची?" मी मध्ये पडले. "पाहुने येतेत तेव्हाची?"

"हे बघा, मी भेदभाव करत नाही. गेस्टची डिमांड असेल तर देऊ. आत्तापर्यंत कोणी मागणी केली नाही."

रुक्मीने कोट नीट केला आणि म्हणाली, ठीक आहे सर. बाहेर येऊन मला म्हणाली, "पाहू, कोन मागनी करते."

सध्या ती रोज पहाटेपासून दहापर्यंत रिकाम्या दालनात उभी आहे. दुपारी, पाहुणे येतात तेव्हा, तिला आतल्या खोलीत चादरी मोजायला बसवतात.

तर वाचकहो, मागणी तुम्ही करायची आहे. रिसॉर्टचं नाव मला लिहिता येत नाही, म्हणून ताडोब्याच्या ज्या कुठल्या रिसॉर्टात खोली घ्याल तिथे हे करा. बुकिंगच्या वेळीच फोनवर सांगा: आम्ही दुपारी पोचू, तेव्हा काउंटरवर इथली गोंड, माडिया मुलगी असली तर येतो, नाहीतर शेजारच्या रिसॉर्टात जातो. ती समोर आली की मराठीचं कौतुक करू नका, फोटो मागू नका, नाच येतो का विचारू नका. नाव सांगा आणि खोलीची किल्ली मागा. आज सुटीचा बेत आखत असाल, तर फोन आजच लावा.